डॅशबोर्डचे जाम नॉब मोकळे होतात आणि पावसाळ्यानंतर पुन्हा जाम होतात, त्याचं काय करायचं

जुनी गाडी, म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा पद्मिनी नाहीतर अँबॅसिडर, क्वचित कुणाची जीप, दहा-पंधरा वर्षं शेडमध्ये उभी होती, आता हौसेने बाहेर काढली, इंजिन चालू झालं, ब्रेकचं काम झालं, आणि डॅशबोर्डवरचं मात्र काहीच हलायला तयार नाही. चोक (थंड इंजिन चालू करताना ओढायचा नॉब) ओढला जात नाही, लाइटचा स्विच अर्ध्यात अडकतो, वायपर गुरगुरतो पण फिरत नाही, बोनेटची लिव्हर ओढायची तर भीतीच वाटते. हे इतके जण विचारतात की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. यातल्या बऱ्याच जणांनी हे काम आधी एकदा केलेलंही असतं बरं का, स्प्रे मारला, हलवलं, सुटलं, खूश झाले, आणि गणपतीच्या सुमारास बघतात तर पुन्हा जैसे थे.

तर माझं म्हणणं आधीच सांगतो. नॉब तुम्ही ओढता डॅशबोर्डपाशी, पण तो अडकलेला बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाला नाहीतर मधे कुठेतरी असतो, त्यामुळे नॉबवर ताकद लावली की नॉब तुटतो, अडकलेलं तसंच राहतं. आणि नुसत्या स्प्रेने सुटलेलं टिकत नाही, कारण ज्या पाण्याने ते जाम झालं ते पाणी अजून आत येतच असतं.

आत नेमकं काय होतं ते बघा. चोकची केबल म्हणजे आत एक पोलादी तार आणि बाहेर स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं आवरण, दोघांच्या मधली फट मुळातच केसाएवढी. लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा खातो, मग ती फट भरून जाते आणि तार आवरणाला धरून बसते. त्यात कारखान्यात घातलेल्या ग्रीसमधलं तेल केव्हाच उडून गेलेलं असतं, मागे राहतो तो लाखेसारखा कडक थर. काही गाड्यांमधे लिव्हर आणि स्विचची बॉडी जस्ताच्या ओतीव धातूची असते, तिच्यात पोलादी पिन बसवलेली, दोन वेगळे धातू एकत्र आणि वरून ओल, की पांढरी पावडर धरते, ती पण फुगते. म्हणजे गंज, कडक ग्रीस आणि ही पांढरी पावडर, प्रत्येकाचा इलाज वेगळा, आणि आपण तिन्हींवर एकच डबा रिकामा करतो.

आता त्या डब्याबद्दल. डब्ल्यूडी-४० वाईट नाही, माझ्याकडेही असतं, पण १९५३ साली अमेरिकेत ते बनलं ते ॲटलस क्षेपणास्त्राचा बाहेरचा पत्रा गंजू नये, त्यावरची ओल हटावी म्हणून. वर्षानुवर्षं टिकणारं वंगण म्हणून कुणी ते बनवलं नव्हतं. त्यातला पातळ भाग उडून जातो, अगदी पातळ थर राहतो, आणि जाता जाता उरलंसुरलं जुनं ग्रीसही ते धुऊन नेतं. म्हणून त्या दिवशी नॉब लोण्यासारखा चालतो आणि दोन महिन्यांनी आधीपेक्षा कोरडा. स्प्रे सोडवण्यासाठी वापरा, पण सुटल्यावर तेल किंवा ग्रीस घातल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. आणि कृपा करून खोबरेल तेल घालू नका, गावाकडे हे सर्रास करतात, ते २४-२५ डिग्रीच्या खाली गोठतं, म्हणजे पुण्या-नाशकाच्या थंडीत सकाळी चोक लागणार नेमका तेव्हाच तो अडकणार. गोडेतेल तर त्याहून वाईट, वर्षभरात त्याचा डिंक होतो.

हात घालण्याआधी

बॅटरीची बॉडीला जाणारी वायर काढा. हे सांगायला नको पण सांगतोच, कारण डॅशबोर्डच्या मागे हात घालून पाना फिरवताना जुन्या कडक झालेल्या वायरचं कव्हर मोडतं आणि ठिणगी पडते, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत इग्निशनच्या लाइनवर फ्यूजच नसतो, वायर थेट जळते. पद्मिनीत बॉडीला निगेटिव्ह असतं पण साठच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांमधे बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं, तेव्हा रंगावर किंवा अंदाजावर जाऊ नका, जी वायर बॉडीला बोल्ट केलीय ती काढा.

दुसरं म्हणजे हातमोजे आणि मास्क. उभ्या गाडीत डॅशबोर्डच्या मागे उंदरांचं घर असतंच, गवत, कापूस, चावलेल्या वायरी आणि मूत. मुंबईत आणि कोकणात लेप्टो कशाने होतो ते सगळ्यांना माहीत आहे, हातावर खरचटलेलं असेल तर विषाची परीक्षा नको. आधी ती घाण थोडी ओली करून पुसून काढा, ब्लोअर मारून सगळ्या गाडीभर उडवू नका. कुंभारीण माशी पण एक प्रकरण आहे. एका मित्राच्या पद्मिनीत, गाडी रत्नागिरीकडे घराच्या पडवीत उभी होती, चोकच्या केबलचं इंजिनकडचं तोंड वाळक्या मातीने बुजलेलं होतं, वरून बघितलं तर सुकलेला चिखलच वाटेल, टोकरल्यावर आत माशीची बारीक बारीक घरं, एकाला एक चिकटलेली. मिस्त्री आधी अर्धा तास नॉबकडून स्प्रे मारत बसला होता.

चोक

सगळ्यात जास्त प्रश्न याचाच, म्हणून याच्यावर जास्त लिहितो.

पहिलं काम स्प्रे नाही, पहिलं काम म्हणजे अडकलंय कुठे ते शोधणं. इंजिन थंड असताना बोनेट उघडा, कार्ब्युरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात त्या भागावर, चोकच्या लिव्हरला केबलची तार एका छोट्या स्क्रूने पकडलेली असते तो स्क्रू ढिला करा, तार लिव्हरमधून सोडवा. आता लिव्हर बोटाने हलवून बघा. ती घट्ट असेल तर तुमची केबल कदाचित धडधाकट आहे, नॉब, डॅशबोर्ड काही उघडायची गरज नाही, कार्ब्युरेटर क्लीनर मारायचा, लिव्हरचा दांडा जिथे बॉडीत शिरतो तिथे, पाच मिनिटं थांबायचं, बोटाने थोडं थोडं पुढेमागे, पक्कड अजिबात लावायची नाही, तिथला धातू ठिसूळ असतो. लिव्हर मोकळी असेल आणि नॉब तरीही हलत नसेल तर मग केबल जाम आहे. या दोन मिनिटांच्या तपासणीने अख्खा रविवार वाचतो, पण लोक ते सोडून आधी डॅशबोर्ड खोलायला घेतात.

केबल जाम असेल तर ती गाडीतून बाहेर काढा, हे मी अगदी आग्रहाने सांगतोय. गाडीत असताना तेल सोडलं तर ते आवरणाच्या बाहेरूनच ओघळतं नाहीतर पहिल्या वळणापर्यंत जातं, पुढे नाही. डॅशबोर्डच्या मागे एक नट असतो, तो सोडवताना वायसर कुठे पडतो त्यावर लक्ष ठेवा, आणि काढायच्या आधी केबल कुठून कशी गेलीय त्याचे मोबाइलवर फोटो काढून घ्या, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या, रबरी बुचातून बाहेर ओढताना बूच फाटलं तर नवीन बसवा, तिथून पण पाणी येतं.

बाहेर काढलेली केबल खिडकीच्या गजाला नाहीतर कपड्यांच्या दोरीला उभी टांगा, वरच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून चाड्यासारखा चिकटपट्टीने गच्च बांधा आणि त्यात पातळ तेल भरा. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, डिझेलमधे थोडं इंजिन ऑइल मिसळलं तरी काम होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं करून वापरणारे पण आहेत, मस्त शिरतं ते, पण ॲसिटोन प्लॅस्टिक खातं आणि भुर्रकन पेटतं, तेव्हा घरात नको, गॅसजवळ नको, आणि ज्या केबलच्या आवरणाला आतून नायलॉनचं अस्तर आहे तिला नको. रात्रभर टांगून ठेवा. सकाळी खालच्या टोकाला चहाच्या रंगाचा थेंब लोंबत असेल, हळूहळू तो काळपट होतो, त्यात गंजाचे कण दिसतात, तसं झालं की समजायचं आरपार पोचलं. खाली काहीच आलं नाही तर आणखी एक दिवस, घाई नाही.

मग तार हलवायची. नोज प्लायरने तार आवरणाच्या अगदी जवळ धरायची आणि एवढीशी, दोन-तीन मिलिमीटर, आत ढकलायची, मग तेवढीच बाहेर. लांबून धरून ढकललं की तार वाकते, आणि एकदा वाकलेली तार कितीही सरळ केली तरी त्या जागी घासत राहणार. एकाच दिशेला जोर लावायचा नाही, पुढेमागे, पुढेमागे, प्रत्येक वेळी थोडं जास्त. तार पूर्ण बाहेर आली तर सोन्याहून पिवळं, बारीक पॉलिश पेपरने पुसून घ्या, आवरणातून ताजं डिझेल सोडून स्वच्छ येईपर्यंत धुवा, निथळू द्या. शेवटी पातळ इंजिन ऑइल किंवा शिलाई मशीनचं तेल. जाड ग्रीस केबलच्या आत ढोसू नका, धूळ धरतं, फक्त दोन्ही तोंडांना बोटभर लावा म्हणजे पाणी आत शिरायला अडेल. नायलॉनचं अस्तर असेल तर सिलिकॉनचं वंगण, तेल नको.

परत बसवताना एक गोष्ट बघा, नॉब पूर्ण आत असताना कार्ब्युरेटरची लिव्हर चोक पूर्ण बंद असतो त्या जागी यायला हवी, तार पकडताना किंचित ढील ठेवा. चोक थोडासा जरी लागलेला राहिला तर काळा धूर, प्लग काळे, ॲव्हरेज गेलं, आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली इंजिन ऑइलमधे उतरतं. महिनोन्महिने चोक अर्धवट अडकलेली गाडी कुणी तशीच चालवली असेल तर डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदला.

नॉब हातात आला तर

जुनं प्लॅस्टिक उन्हाने बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. नॉब फिरवून काढण्याआधी नीट निरखा, काहींच्या खालच्या बाजूला बारीक स्क्रू असतो, काहींना, खासकरून ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत, एक बारीक भोक असतं, आत स्प्रिंगवाली पिन, ती टोकदार तारेने दाबली की नॉब सरळ बाहेर येतो, फिरवायचाच नसतो. काही साध्या आट्यांवर असतात. निघत नसेल तर हेअर ड्रायरने कोमट करा, गरम नाही, कोमट. ब्लो लँप, लायटर हे प्रकार डॅशबोर्डपाशी नकोतच, गाडीत पेट्रोलचा वास असतोच. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यातलं काहीही नॉबवर किंवा मीटरच्या काचेवर लागलं तर कायमचा डाग, तेव्हा स्प्रे मारताना मागे कापड धरा.

बोनेटची केबल

हिच्याबाबत नियम उलटा, ही जाम व्हायच्या आधीच हिचं काम करायचं, कारण ती तुटली की बोनेट बंद आणि तिला दुरुस्त करायची जागा बोनेटच्या आत. गाडी ताब्यात आली आणि बोनेट एकदा उघडलं की पुन्हा बंद करायच्या आधी खटक्याला तेल द्या, आणि खटक्याच्या लिव्हरला एक जास्तीची तार बांधून ती ग्रिलच्या आत किंवा खालून कुठेतरी सहज हात पोचेल पण बाहेरून दिसणार नाही अशी सोडून ठेवा. कधीतरी लागतेच. बंद असताना जाम झालंच तर एकट्याने झटके देऊ नका, एकाने बोनेट खटक्याच्या जागी तळहाताने खाली दाबायचं, त्याचवेळी दुसऱ्याने आत लिव्हर सावकाश ओढायची. दाबल्याने खटक्यावरचा ताण जातो आणि बहुतेक वेळा एवढ्यानेच उघडतं. तोवर ग्रिलच्या फटीतून स्प्रेची लांब नळी घालून खटक्यावर मारत राहा, दिवसातून दोनदा, शांतपणे.

स्विच

लाइटचा स्विच अडकतो त्याचं कारण गंजापेक्षा उष्णता जास्त वेळा असतं. जुन्या बहुतेक गाड्यांत रिले (जास्त करंट स्विचऐवजी स्वतःमधून नेणारा छोटा डबा) नाही, हेडलाइटचा सगळा करंट त्या बिचाऱ्या स्विचमधून जातो. ४५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे ९० वॉट, १२ व्होल्टला साडेसात ॲम्पियर झाले. कुणीतरी मधे हौसेने १००/९० चे, म्हणजे अप्परला १०० आणि डिपरला ९० वॉटचे, हॅलोजन टाकलेले असतात, मग अप्परवर २०० वॉट, म्हणजे साडेसोळा ॲम्पियरच्या वर. आतले पितळी पॉइंट काळे पडतात, तापतात, भोवतीचं प्लॅस्टिक मऊ होऊन वाकडं होतं आणि स्विच अडकतो. असा स्विच कॉन्टॅक्ट क्लीनरने सुटतो खरा, दहा-वीस वेळा चालू-बंद केलं की पॉइंट घासून साफ पण होतात, पण बल्ब तेच ठेवले तर पुन्हा तेच होणार, रिले टाकल्याशिवाय यातून सुटका नाही. ऑटो इलेक्ट्रिशियनसाठी हे किरकोळ काम आहे. स्विचमधे साधं तेल किंवा ग्रीस सोडू नका, धूळ आणि कार्बन धरून बसतं.

वायपरचं वेगळंच. नॉब फिरतो, मोटर हूं हूं करते, पाती हलत नाहीत, आणि दोष स्विचला दिला जातो. पाती उचलून काढा आणि ज्या दांड्यांवर ती बसतात ते दांडे हाताने फिरवून बघा. काचेच्या खालच्या पत्र्यातून ते वर येतात, सगळं पावसाचं पाणी त्यांच्यावरच पडतं, बुशात गंजून घट्ट बसतात. मोटर तशीच चालू ठेवलीत तर ती जळते, सोबत स्विचही. रबरी वायसर वर सरकवून दांड्याच्या बुडाशी पातळ तेल थेंब थेंब सोडत राहा, दोन-तीन दिवस, मगच मोटर चालवा.

इग्निशनची चावी अडकत असेल तर तेल नको, तेलात धूळ बसून आतल्या पट्ट्या चिकटतात. मऊ पेन्सिलचं शिसं चावीवर घासा, चावी घाला-काढा, बस. पण चिमूटभरच हां, ग्रॅफाइटमधून वीज जाते आणि मागे स्विच आहे. साइड सिग्नलची दांडी घट्ट असेल तर स्टिअरिंगच्या कव्हरखाली जुनं ग्रीस मेण झालेलं असतं, ते काडीने खरवडून काढून प्लॅस्टिकला चालणारं पांढरं ग्रीस लावा, आपोआप परत येणारा प्लॅस्टिकचा दात तुटलेला नसेल तर दांडी पूर्वीसारखी होते.

आणि पाणी

हे केलं नाही तर वरचं सगळं दर वर्षी करा. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन आक्रसलेलं असतं, कोपऱ्यात नखाने दाबून बघा, दबत नसेल तर गेलं. तिथून पाणी आत येतं ते सरळ डॅशबोर्डच्या मागे, केबल आणि स्विचवर, खाली मॅटवर येईपर्यंत तुम्हाला कळतही नाही. एकाला पाइप घेऊन बाहेर उभं करा, काचेवर खालून सुरू करून वर वर पाणी मारायला सांगा, तुम्ही आत टॉर्च घेऊन आडवे व्हा, आणि डॅशबोर्डच्या मागे टाल्कम पावडर भुरभुरवून ठेवा, पाणी ज्या वाटेने आलं ती रेघ पावडरीत स्पष्ट दिसते. खालून वर अशासाठी की वरून सुरू केलं तर सगळीकडेच ओलं होतं आणि काही कळत नाही. सिलिकॉन सीलंट फासून हा प्रश्न मिटवणारे खूप आहेत, एक पावसाळा निघतो, पण त्याच्या मागे ओल अडकून काचेच्या चौकटीचा पत्रा कुजतो, आणि ते काम रबरापेक्षा कितीतरी महाग. ताडपत्री पण गाडीवर आवळून बांधू नका, आत वाफ कोंडते, नुसतं छप्पर असेल तर गाडी उघडी बरी.

केबल अगदीच गेलेली असेल, म्हणजे आवरणाचे वेढे सुटलेत किंवा तार मधे अर्धी खाल्ली गेलीय, तर तिच्यावर वेळ घालवू नका. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणं थांबून पाव शतक झालं, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही संपली, त्यामुळे टॅक्सीवाल्यांच्या जिवावर जो माल बाजारात फिरायचा तो आता शोधावा लागतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टवाल्यांकडे, पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारा, नॉब आणि स्विच तिथे बघा. केबल मात्र जुनी घेऊ नका, ती पण तुमच्या केबलसारखीच कुठल्यातरी पावसात भिजलेली असणार. रिक्षा-स्कूटरच्या केबल बनवणारे असतात त्यांच्याकडे तुमची जुनी केबल नमुना म्हणून न्या, आवरणाची लांबी आणि तारेची लांबी दोन्ही मोजून लिहून द्या, आणि चोकसाठी एकसंध पोलादी तार मागा. ते लोक सवयीने क्लचची पिळाची तार घालून देतात, ती ओढली जाते पण ढकलली जात नाही, त्यामुळे लिव्हरला परतीची स्प्रिंग नसेल तर चोक लागतो आणि बंदच होत नाही. दुकानातच केबल हातभर गोलाईत वळवून धरा, आणि तार दोन्हीकडे ओढून, ढकलून बघितल्यावरच पैसे द्या.